नावाचा रकाना

मंडी बाजारात, सायकलच्या दुकानावरच्या मजल्यावर
गौसोद्दीन मामूंचा स्टुडिओ.
मी दहाला येते, डबा खिडकीत ठेवते
आणि मेलेल्यांना नंबर देते.
(आई शेजारणींना असंच सांगते.)

एकतीस हजार दोनशे सहा.
ट्रंकेतल्या काचा, फिल्मा, लग्नाचे अल्बम,
शिवाय अझहरचा पहिला डिजिटल कॅमेरा,
सेल काढला की ज्याचं घड्याळ मरायचं.
त्यातली साडेचार हजार माणसं
एक जानेवारी दोन हजारला, रात्री बारा वाजता,
एकदम हसलीयत.
मास्तरांनी अख्ख्या वर्गाला एक जून लावला,
तसा हा कॅमेऱ्याचा एक जून.
मी मांडवातली पाटी शोधते, भिंतीवरचं कॅलेंडर,
नवरदेवाच्या मनगटातलं घड्याळ.
एक खरी वेळ सापडली
की बाकीच्यांना तेवढंच पुढं सरकवते.
एका झटक्यात सगळं वऱ्हाड वयात येतं.

जुन्या प्रिंटांच्या पाठीवर मात्र उर्दू.
मामू चष्मा कपाळावर चढवून वाचतात:
आझर, तेराशे चोपन्न फसली. मोमिनाबाद.
"पाचशे नव्वद मिळव. महिना ऑक्टोबर धर,
पण पक्का म्हणून लिहू नको."
मी वर्ष तेवढं भरते,
आणि पाठीवरचं सगळं, खोडलेल्या अक्षरासकट,
शेऱ्याच्या रकान्यात जसंच्या तसं.

मोमिनाबाद, अंबेजोगाई, आंबेजोगाई, अंबाजोगाई.
पहिल्या महिन्यात माझ्याकडून चार गावं झाली होती,
चारही गावांतून एकच जयवंती वाहत होती.
आता गाव एक, नावं त्याच्या पोटात.
कुठल्याही नावानं शोधा, तोच घोडा निघतो,
रिसाल्याचा, एक कान फाटलेला.

चूकही सांगते.
मंगळवारी, लाईट जायच्या घाईत,
तीनशे बारा फोटो निवडलेलेच राहिले
आणि मी 'हणमंत पटाईत' लिहून एंटर मारला.
नवऱ्या, करवल्या, बँडवाले, मांडीवरची लेकरं,
एक म्हैससुद्धा,
सगळे हणमंत पटाईत.
मामू हसले नाहीत.
"पोरी, घाई करायलीस. लिहायच्या आधी निवडलेले मोजत जा."
आदल्या रात्रीच्या बॅकअपनं
ज्याचं त्याला नाव परत दिलं. म्हैस बिननावाची झाली.

कॉम्प्युटर न शिकता त्यांनीच आणखी एक शिकवलं:
नाव वहीत ठेवू नको, फोटोच्या अंगावर लिही.
त्यांच्या अब्बांची वही वाळवीनं खाल्ली,
उरली ती उधारी.
तीन कॉपी, दीड रुपया बाकी.
कोणाकडे, ते गेलं.
म्हणून आता नावं फाईलच्या आतच,
गोंदल्यासारखी.
जत्रेत चुकली तरी हात पुढं करतील.

'अनोळखी'मध्ये अकराशे चार.
त्यातली एक मी रोज उघडते.
डोईवर पदर, ओठ घट्ट मिटलेले,
हातात ट्रान्झिस्टर, तोही स्टुडिओचाच.
परवा चारशे टक्के मोठी केली, धूळ पुसायला,
तर मनगटाजवळ गोंदण.
…रूबाई.
पहिलं अक्षर काकणाखाली.

सरूबाई. पारूबाई. हिरूबाई. केरूबाई.
मी कोण ठरवणारी?
चारही भरते, प्रत्येकापुढं प्रश्नचिन्ह,
शेऱ्यात: गोंदणावरून; काकण आड आलं.
उद्या कुणी नातू येऊन 'पारू' टाइप करील,
तर ती निघावी.
आकडा तसाच ठेवलाय, अकराशे चार.

पडद्याआडून अझहर ओरडतो, पासपोर्टवाले आलेत,
कान दिसू दे म्हणावं.
मी म्हाताऱ्याची टोपी नीट करते, विचारते,
नाव काय, काका? पूर्ण सांगा. गाव?
"कशाला वं बाई," म्हणतात ते,
"फोटोच तर काढायचाय."